अधांतरी गंगामाई आणि कोंडाजीची बिडी

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मळेवाडीच्या शाळेच्या पटांगणात गंगा अवतरली आणि सव्वानऊला तिच्यापुढं पहिला नारळ फुटला. अकरा वाजेपर्यंत अशी झुंबड उडाली की विचारता सोय नाही! बायका डोक्यावरच्या पाट्यांसकट, बाप्ये सायकलींसकट आणि एक म्हातारा तर शेळीसकट रांगेत उभा.

"पाइप नाय, टाकी नाय, हिर नाय! नुसता नळ हाय हवेत, अन् पानी बघा कसं बदाबदा पडतंय!"

"आमच्याकडं भितीतल्या नळाला थेंब नाय, अन् इथं हवेतल्याला धार!"

नामपूरहून सोयरीक बघायला आलेला एक पाहुणा मुलगी बघायचं विसरून इथंच उभा होता. हात जोडून तो म्हणाला, "हाऊ तं मोठा चमत्कार शे भो!"

दिसायला होतंच तसं. घासूनपुसून लखलखीत केलेला एक पितळी नळ, पुरुषभर उंचीवर, अधांतरी. मागं काही नाही, वर काही नाही. तोंडातून मनगटाएवढी धार खालच्या अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये पडत होती आणि सकाळपासून खंड नव्हता.

ही गंगा आणली होती शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी, यादव गांगुर्डे गुरुजींनी. आणि तीही चमत्कार म्हणून नव्हे. साल १९८३. गुरुजींनी शाळेत तीन दिवसांचा विज्ञान मेळावा भरवला होता. महिनाभर पोरांना घेऊन त्यांनी तक्ते रंगवले, पुठ्ठ्याचा ज्वालामुखी केला, सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल लावली. नाशिकपासून सात मैलांवरचं गाव. पण विज्ञान म्हटलं की गाव शाळेकडं फिरकायचं नाही. म्हणून लोकांना ओढायला दारातच हा नळ उभा केला, भोवती दोरी बांधली आणि शेजारी पाटी लावली: 'हे पाणी कुठून येते? विचार करा!'

गावानं विचार केला नाही. गावानं हार घातला.

त्याचं असं, की मळेवाडी फुलांवर आणि भाजीवर जगणारं गाव. गावात नवीन काहीही आलं, की त्या दिवशीच्या पहिल्या तोडणीचा हार त्याला घालायचा, ही तिथली रीत. पहिल्या एस.टी.ला घातला, पिठाच्या गिरणीला घातला. आणीबाणीत कुटुंबनियोजनाची जीप आली, तेव्हा तिलाही आधी हार घातला आणि मग सगळे बाप्ये उसात पळाले. त्याच रीतीनं ठमाबाई माळीण शेवंतीचा हार घेऊन आली. नळापर्यंत हात पोचेना, म्हणून तिनं तो पाटीला घातला. पाटीवरची अक्षरं झाकली गेली. मागून येणाऱ्यांना एवढंच दिसलं: वर अधांतरी पाणी आणि खाली ताजा हार. असं दृश्य दिसल्यावर आपला माणूस काय करतो, हे काय सांगायला पाहिजे?

आणि तिथंच कोंडाजीनं संधी हेरली.

कोंडाजी हा मंडपवाला. मेळाव्याचा मंडप त्याचा, भोंगा त्याचा, ड्रम आणि मोटारही त्याचीच, सगळं भाड्यानं आणलेलं. सकाळी हा गृहस्थ खांबाला टेकून बिडी ओढत होता; साडेअकराला बघावं तर अंगावर भगवं उपरणं, कपाळावर भस्माचे पट्टे. जुनी खूण फक्त एक राहिली होती: कानावर खोचलेली अर्धी बिडी. भोंग्यावरून गर्जना सुरू झाली.

"या या या! अधांतरी गंगामाई! चपला भाईर, बायका डावीकडं, शेळ्या मागं! माईच्या तीर्थानं सर्दी जाईल, खोकला जाईल, भानामती जाईल, कोर्टातली तारीख पुढं जाईल! तीर्थ घ्या, ताटात श्रद्धा टाका!"

"बुवा, सोमवारी लासलगावला कांदा काय भाव जाईल?" गर्दीतून एकानं विचारलं.

कोंडाजीनं डोळे मिटून धारेकडं तोंड केलं. "धार सरळ पडती. भाव चढता."

"अन् वाकडी पडली तर?"

"तर तुझ्या कांद्यात खोट!"

यादव गुरुजींच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी धावत जाऊन भोंग्याचा माइक हिसकावला. "मंडळी, हा चमत्कार नाही! हा नळ मी बसवलाय. ड्रममधलंच पाणी मोटार वर चढवते आणि तेच खाली पडतं. पाणी फिरतंय फक्त!"

मग कोंडाजीनं गुरुजींच्या पायांवर चक्क लोटांगण घातलं.

"बघा मंडळी, किती ही नम्रता! भगीरथ कवा म्हनला का, गंगा म्या आनली म्हनून? बोला भगीरथ गुर्जी की..."

"जय!" पटांगण दणाणलं. दोन म्हाताऱ्या गुरुजींच्या पाया पडल्या, एकीनं नातवाला त्यांच्या पायांवर घातलं. अकरा वर्षं गुरुजी गावात सांगत होते, भूत नाही, भानामती नाही, अंगात येत नाही. एकदाही टाळी पडली नव्हती. आज 'हे खोटं आहे' म्हटल्यावर जयजयकार झाला.

गुरुजी हेडसरांकडं गेले. हेडसर स्वतः बी.एस्सी. "बरोबर आहे तुमचं, गांगुर्डे," ते म्हणाले, "पण सरपंच येऊन गेले. लोकभावना आहे." त्यांच्या टेबलावर नारळाची अर्धी वाटी होती. "हा मी नुसता समाजाच्या समाधानासाठी फोडला," त्यांनी न विचारताच सांगितलं.

तीन दिवस संपले. ज्वालामुखी बघायला सतरा माणसं आली, कांद्याची साल तिघांनी पाहिली. सोमवारी गुरुजी पाना घेऊन नळ उतरवायला गेले, तर कोंडाजी आडवा.

"मंडप माझा, मोटार अन् तिचा खटका माझा, ड्रम माझा. तुमचा फकस्त नळ. काढा की नळ, पन लोकांला इचारून काढा."

गुरुजींनी लोकांकडं पाहिलं. लोकांनी गुरुजींच्या हातातल्या पान्याकडं पाहिलं. गुरुजींनी पाना खिशात घातला.

एका बाबतीत मात्र कोंडाजीला मानलंच पाहिजे. मळेवाडीत रोज दुपारी बारा ते चार लाइट जायची. मोटार बंद तर धार बंद, आणि धार बंद तर सगळंच उघडं. म्हणून पहिल्या दिवसापासूनच बाराला पाच कमी असताना तो पडदा ओढायचा आणि बाहेर पाटी लावायचा: 'माईची विश्रांती, १२ ते ४.' लोकांना त्यातही काही वाटलं नाही. दुपारी कोण झोपत नाही? पडद्याआड कोंडाजीचा गडी ड्रम पुन्हा भरून घ्यायचा. पाणी आणायचा शाळेमागच्या वस्तीतून, बुद्धविहाराशेजारच्या हातपंपावरून. गुरुजींनी पहिल्या दिवशी ड्रम तिथूनच भरला होता. त्यांचं घरही त्याच वस्तीत.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. नळ काय, आज आहे उद्या नाही. पण बुधवारी उपकेंद्राच्या नर्सबाई यशोदाबाई शाळेत आल्या, त्या तोंड उतरवून.

"जयभीम सर. तुमच्या नळानं माझा पेशंट पळवला."

"कोण?"

"ठमाबाई. शुक्रवारपासून इंजेक्शनला फिरकली नाही. गोळ्यांची पुडी मला परत आणून दिली. म्हणते, खोकला तीर्थानं थांबला. अहो, दीड महिना मी सुया टोचतेय, थांबणारच! कष्ट सुईचे आणि श्रेय नळाला."

"अर्ध्यात सोडलं तर?"

"तर क्षय परत उठेल, आणि मग या गोळ्याही त्याला ऐकणार नाहीत. तिच्या नवऱ्याचं काय झालं, विसरलात का?"

गुरुजी विसरले नव्हते. सहा वर्षांपूर्वी ठमाबाईच्या गोटीरामनं कुणा बुवाच्या अंगाऱ्यावर विसंबून औषध सोडलं होतं. बैलगाडीतून त्याला नाशिकला नेणाऱ्यांत गुरुजी होते. परत आणणाऱ्यांतही होते. आणि आता तीच वेळ तिच्यावर आली होती, त्यांनी स्वतःच्या हातानं उभ्या केलेल्या नळामुळं. त्या दिवशी वर्गात गुरुत्वाकर्षण शिकवताना ते तीनदा चुकले.

संध्याकाळी ते ठमाबाईकडं गेले. ती ओसरीवर गजरे ओवत बसली होती. बाई स्वभावानं मोकळी. "या गुर्जी, च्या टाकते," म्हणाली. ओसरीच्या वळचणीला एक कानतुटका कप उपडा असायचा. तो गुरुजींचा. चहा पिऊन गुरुजी तो विसळायचे आणि पुन्हा उपडा ठेवायचे. अकरा वर्षांत तो कप फुटला नव्हता आणि घरातही गेला नव्हता.

"ठमाबाई, इंजेक्शन का सोडलं?"

"आता काय करायचं त्या सुईला? म्या डोळ्यानं बघितलं, पानी हवेतून येतं. जे हवेतून पानी आनतं, त्याला माझा खोकला जड हाय का?"

गुरुजींच्या ओठांवर एक वाक्य आलं. एकच वाक्य पुरे होतं: 'बाई, ते तीर्थ आमच्या वस्तीतल्या हातपंपाचं आहे.' उद्या सकाळी गंगामाईसमोर कुत्रंही उभं राहिलं नसतं. त्यांनी हातातल्या कानतुटक्या कपाकडं पाहिलं. त्या वाक्यानं नळ पडला असता, पण कप वळचणीलाच राहिला असता. आणि विज्ञान तर कुणाच्याच पदरात पडलं नसतं. गुरुजींनी ते वाक्य चहाबरोबर गिळलं.

"ठमाबाई, तुमचं फूल तुम्ही ओळखता?"

बाईला राग आला. "नाशकाच्या बाजारात हजार पाट्या असू द्या, माझी शेवंती म्या डोळं झाकून काढीन!"

"गावात दुसऱ्या कुणाकडं नाही, असं फूल आहे तुमच्याकडं?"

तिनं कुंपणाकडं बोट केलं. गडद निळ्या गोकर्णाचा वेल तिथं पसरला होता. "ह्यांनी लावलेला," ती म्हणाली.

"उद्या सकाळी पाटीभर गोकर्ण न्या आणि नळाखालच्या ड्रममध्ये वाहा. मग वर नळाकडं बघत राहा. मी एक शब्द बोलणार नाही. खालचं फूल वर निघालं नाही, तर मी इंजेक्शनचं नावही काढणार नाही. निघालं, तर थेट यशोदाबाईंकडं जायचं."

"खालचं फूल वर? हवेतून?" ठमाबाई हसली. "चालतंय की."

सकाळी दाढी करता करता गुरुजींचा हात थांबला. जाळी! मोटारीत कचरा जाऊ नये म्हणून पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला त्यांनीच बारीक जाळी बसवली होती. चांगली तारेनं आवळून बसवली होती. म्हणून तर सहा दिवस लोकांनी एवढी फुलं वाहिली, तरी वर एक पाकळी आली नव्हती. आणि आज गोकर्णही त्याच जाळीत अडकणार! ठमाबाई हसत घरी जाणार, आणि पुढच्या वर्षी... अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून गुरुजी शाळेकडं धावले.

उशीर झाला होता. रांगेत ठमाबाई पहिली. कोंडाजीनं ड्रम धुऊन ताजं पाणी भरलं होतं, धार जोरात होती. साबण लागलेले भगीरथ गुरुजी बघून लोकांनी वाट करून दिली.

"माये, घे माझी गोकर्ण," असं म्हणत ठमाबाईनं दोरीवरून वाकून पाटी ड्रममध्ये रिकामी केली आणि मान वर करून उभी राहिली. मागच्यांनी विचारलं, काय बघती? ती म्हणाली, बघती. मग तेही बघू लागले. रांगच्या रांग माना वर करून उभी.

धार पांढरीशुभ्र. गुरुजींनी मनात दहा अंक मोजले. काही नाही. वीस मोजले. काही नाही. "झालं का समाधान?" अशा नजरेनं ठमाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं.

आणि नळाच्या तोंडातून एक निळा तुकडा निसटला. मागोमाग दुसरा. मग धारेतून निळ्या पाकळ्यांचा नुसता सडा!

गुरुजींना कळेना, जाळीचं काय झालं? नंतर समजलं ते असं. सहा दिवसांच्या फुलांनी आणि कुंकवानं जाळी तुंबली होती, बुधवारी धार करंगळीएवढी झाली. माई आटली तर ताटही आटेल, म्हणून कोंडाजीनं पहाटे जाळीच उपटून फेकली. गुरुजींनी विज्ञानानं अडवलेलं फूल कोंडाजीच्या हावरटपणानं मोकळं केलं.

"माझी गोकर्ण!" ठमाबाई ओरडली. "माझी गोकर्ण वरून आली!"

पण कोंडाजी कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं भोंगा तोंडाला लावला. "परसाद! माईनं परसाद दिला! बोला अधांतरी गंगामाई की..."

"जय!"

गुरुजींनी कपाळावर हात मारला. संपलं! आता निळा प्रसाद पुडीत घालून वाटतील. त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि शब्द आठवला. एक शब्द बोलायचा नाही, असं ठरलं होतं.

बोलली ठमाबाई. "परसाद? आरं, माईकडं गोकर्ण आली कुठून? गावात येल एकच, अन् तो माझ्या मालकानं लावलेला! म्या खाली टाकली तीच वर आली ना?"

"आई, देवाची लीला इचारू नये."

"का इचारू नये? माझा जीव लागलाय पनाला, म्या इचारनार!" असं म्हणत तिनं हात लांबवला, कोंडाजीच्या कानावरची अर्धी बिडी खेचली आणि टाकली ड्रममध्ये.

सगळं पटांगण श्वास धरून वर बघू लागलं. कोंडाजीही. मोटार घुरघुरली. एक उचकी आली. आणि गंगामाईच्या मुखातून तंबाखूचा चुरा आला, मग पानाचा तुकडा आला, आणि सगळ्यात शेवटी, अगदी सावकाश, बिडीचा लाल दोरा.

ठमाबाईनं तो दोरा चिमटीत धरून वर केला. "का रं कोंडाजी, गंगामाई बिडी कवापासून वढाया लागली?"

आधी एक पोर हसलं. मग नामपूरचा पाहुणा हसला. तो अजून परत गेलाच नव्हता. मग हास्याचा असा लोट उठला की मंडपाची कनात हलली. "माये, काडीपेटी देऊ का?" कुणीतरी ओरडलं. त्या हसण्यात 'जय' कुठं बुडाला, कळलंही नाही.

आता मात्र गुरुजी पुढं झाले आणि त्यांनी मोटारीचा खटका बंद केला. धार बारीक झाली, तुटली, थांबली. आणि सात दिवसांत प्रथमच मळेवाडीला ती दिसली: नळाच्या तोंडातून थेट ड्रमपर्यंत उभी असलेली काचेची नळी, पारदर्शक, अंगठ्याएवढी जाड.

"हाच माईचा पाय," गुरुजी म्हणाले. "नळ हवेत नाही, या नळीवर उभा आहे. मोटार ड्रममधलं पाणी नळीच्या आतून वर चढवते. वर पोचलं की तेच पाणी नळीच्या बाहेरून, तिच्या अंगावरून खाली उतरतं. पाण्याच्या धारेत काच दिसत नाही. खाली पडणारी धार आपल्याला दिसते, आत चढणारी दिसत नाही. एवढाच चमत्कार!" त्यांनी पाटीवरचा वाळका हार काढला. "मी चूक केली. 'विचार करा' असं लिहिलं आणि दोरी बांधून लोकांना लांब उभं केलं. आता दोरी सोडतो. या, हात लावा, खटका दाबा, बघा."

रांग पुन्हा लागली, पण या वेळी खटका दाबायला. जी म्हातारी गुरुजींच्या पाया पडली होती तिनं पाच वेळा मोटार चालू-बंद केली आणि म्हणाली, "येवढंच व्हय? हे तर म्याबी करीन!" हेडसरही आले, काचेला बोट लावून गेले. कोंडाजीनं हळूच उपरणं घडी केलं आणि मोटारीचं भाडं मागायलाही थांबला नाही.

ठमाबाई कुठंय म्हणून गुरुजींनी मागं पाहिलं. रिकामी पाटी काखेत मारून ती उपकेंद्राच्या वाटेला लागली होती. गुरुजींचा जीव भांड्यात पडला आणि त्यांचे डोळे भरून आले. लोकांना वाटलं, साबण गेला असेल.

रविवारी ते तिच्या ओसरीवर गेले. चहा उकळत होता. ठमाबाईनं आतूनच विचारलं, "गुर्जी, डरममधलं पानी कुठलं व्हतं हो?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "आमच्या वस्तीतलं. विहाराशेजारच्या हातपंपाचं."

आत चहाचं भांडं खाली उतरल्याचा आवाज आला. मग ठमाबाई दारात आली. "म्हंजी सात दिस म्या तुमच्याकडचं पानी पेले."

"होय."

"अन् मला काय झालं?"

"काही नाही."

तिनं वळचणीचा कानतुटका कप उचलला, बघितला आणि कोंबड्यांच्या पाण्याला ठेवला. "आत या," ती म्हणाली. "च्या आत ठेवलाय." आत दोन कप भरून ठेवले होते, दोन्ही एकाच जोडीतले. गुरुजी उंबरा ओलांडून आत बसले. त्यांनी चहा प्यायला. साखर जास्त झाली होती.

पुढच्या वर्षी शाळेत पुन्हा विज्ञान मेळावा भरला आणि पुन्हा दारात नळ उभा राहिला. ड्रमशेजारी पाटीभर गोकर्ण घेऊन ठमाबाई बसली होती. अंगानं भरलेली, खोकला नाही. औषधाचे थोडेच महिने उरले होते. हात जोडून येणाऱ्या प्रत्येकाचे हात ती सोडवायची आणि त्यात एक फूल द्यायची. "आधी हे खाली टाक. मग वर बघ. मग हात जोडायचे का नाय, ते तुझं तू ठरीव."

तेवढं केलं तरी पुष्कळ आहे, मंडळी. तुमच्या गावात कुणी हवेतून पाणी काढो, अंगारा काढो की सोनं काढो. नमस्काराची घाई करू नका. आधी खाली एक फूल टाकून बघा. आणि फूल नसलं, तर बिडीही चालते.